ओळखणारी भिंत

बेहालाच्या त्या अरुंद गल्लीत सकाळी आठ वाजता शे-दीडशे माणसं रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या दोन्ही तळव्यांत वाफाळत्या काढ्याचा मातीचा कप होता. जानेवारी होता. या बंगाली शहरात पारा जरा उतरला की माणसं माकडटोप्या चढवतात, त्यामुळे निम्म्या रांगेची फक्त नाकं दिसत होती. काढा लगेच प्यायचा नाही, दहा मिनिटं ओंजळीत धरून जप करायचा, मग घोट घोट संपवायचा आणि कप ठेवल्याबरोबर भिंतीला हात लावायचा, असा तिथला नियम होता.

भिंत पत्र्याच्या शेडमध्ये होती. गडद शेंदरी, पुरुषभर उंच. एका म्हाताऱ्याने तिच्यावर पंजा टेकवला आणि काढून घेतला. शेंदरी रंगात पाच बोटांसकट पांढराशुभ्र हात उमटला. बघता बघता कडेने रंग भरत आला आणि हात पुसला गेला. शेजारी बसलेल्या निताई ठाकुराने डोळे मिटून सांगितलं, "मा चिनेछेन." म्हणजे आईने ओळखलं. रांगेतून हुंदके ऐकू आले. नंतरच्या बाईचा हात मात्र उमटलाच नाही. निताईने दुःखाने मान हलवली आणि तिच्या देहात औषधांचं विष साठल्याचं, आई अजून तिची वाट पाहत असल्याचं निदान केलं. औषध थांबव, काढा चालू ठेव, मंगळवारी परत ये.

हे सगळं मी रांगेतून पाहत होतो, आणि ती भिंत मी बनवली होती.

मी श्रीकांत, रंगांच्या एका कंपनीत रसायनतज्ज्ञ. अकरा वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आलो. आमच्या छोट्याशा मराठी मंडळात माझी ख्याती बुवाबाजीचा कर्दनकाळ अशी आहे. दर गणेशोत्सवात मी लिंबातून रक्त काढून दाखवतो, पाण्याने दिवा पेटवतो, आणि मग त्यामागची युक्ती सांगून टाळ्या घेतो. टाळ्या घ्यायला मला फार आवडतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इथल्या दुर्गापूजेत देवीइतकीच चर्चा मंडपाची होते. प्रत्येक क्लब एखादा चित्रकार गाठतो, तो एक कल्पना काढतो, आणि मंडपाच्या दाराशी त्या कल्पनेचं जडजड शब्दांतलं निवेदन लावलं जातं. कुणी चमच्यांचं देऊळ उभारतं, कुणी जुन्या टेपांच्या फितींचं जंगल. गेल्या वर्षी सौम्येंदू नावाचा एक तरुण चित्रकार माझ्याकडे आला. त्याला स्पर्शाला प्रतिसाद देणारी भिंत हवी होती. मला ते सोपं होतं. काही रंग ठरावीक उष्णतेला बेरंग होतात आणि थंड झाले की पुन्हा दिसू लागतात. गरम चहा ओतल्यावर चित्र बदलणारे कप मिळतात, तेही याच जातीचे. मी तेहेतीस अंशांना बेरंग होणारा शेंदरी रंग तयार केला आणि पांढऱ्या फळ्यांवर त्याचे तीन हात दिले. मागून थंड हवेचं यंत्र लावलं. माणसाचा गरम तळवा टेकला की तेवढाच रंग जायचा आणि खालचा पांढरा दिसायचा.

निवेदनही मीच लिहिलं. सौम्येंदूने नुसता बंगाली अनुवाद केला. 'ही भिंत तुम्हाला ओळखते. जो पूर्ण आहे त्याचं चिन्ह ती धारण करते. जो अपूर्ण आहे त्याची ती वाट पाहते.' अर्थ विचाराल तर काही नाही. पण असं काहीतरी लिहावं लागतं, आणि लिहिताना मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. रंगाचा उल्लेख कुठेही करायचा नाही असं आमचं ठरलं, कारण युक्ती कळली की गंमत जाते. भिंतीला बक्षीस मिळालं आणि वर्तमानपत्रात फोटो आला. मी मंडळातल्या सगळ्यांना ती दाखवायला घेऊन गेलो.

पूजा संपली की हे मंडप मोडतात आणि त्यांचे तुकडे विकले जातात. पुढच्या कालीपूजेला लहान क्लब ते घेतात, कधी एखादं हॉटेल घेतं. आमची भिंत निताईने घेतली. निताई तोवर मंडपांत दिव्यांच्या माळा लावायचा. भिंतीबरोबर त्याने चौकटीतलं निवेदनही नेलं, शेडच्या दाराशी टांगलं आणि स्वतः ठाकूर, म्हणजे बुवा होऊन बसला. नोव्हेंबरात सौम्येंदूने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी पोट धरून हसलो. तो किस्सा मी मंडळाच्या दिवाळी फराळाला रंगवून सांगणार होतो, पण मग भिंतीचं गुपितही सांगावं लागलं असतं, म्हणून राहू दिला. जाऊन ते थांबवावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

संक्रांतीच्या आधी माझी बायको लीना रजनीवहिनींकडे तिळगुळाची तयारी करायला गेली आणि घाबरून परत आली. रजनीवहिनी म्हणजे माझे मित्र हेमंतराव यांची बायको. ते बँकेत अधिकारी आहेत, चार वर्षांपूर्वी बदलून इथे आले. लीना म्हणाली की वहिनींचा चेहरा सुजलाय, आवाज घोगरा झालाय, पाक ढवळता ढवळता त्यांना झोप लागते. नऊ वर्षं चालू असलेली थायरॉइडची गोळी त्यांनी निताईच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी बंद केली होती. डॉक्टरांनी हेमंतरावांना सांगितलं होतं की असंच चाललं तर एक दिवस त्या शुद्ध हरपतील आणि मग कुणाच्याच हातात फार काही राहणार नाही. वहिनी ऐकत नव्हत्या. आईने मला ओळखलंय, म्हणत होत्या.

हेमंतरावांनी मला हात जोडले. "श्रीकांत, तुम्ही एवढी भाषणं देता. माझं ती ऐकत नाही. तुम्ही तरी चला तिच्याबरोबर."

म्हणून मी त्या सकाळी रांगेत होतो. पुढे वहिनी उभ्या होत्या, दोन स्वेटर आणि शाल पांघरून, कप घट्ट धरून. गोळी सुटल्यामुळे त्यांचं शरीर थंड पडत चाललं होतं. शरीर थंड म्हणून हात उमटत नव्हता, आणि हात उमटत नाही म्हणून त्या गोळीला आणखी लांब ठेवत होत्या. काढ्याने तळवे तापले की हात उमटायचा, तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा. माझ्याच रंगाने हा फास विणला होता, आणि पूजेतल्या दमट उकाड्यात तो कुणाला दिसला नव्हता, कारण तेव्हा सगळ्यांचेच हात गरम होते.

मी पुढे होऊन बोलायला लागलो. माझं बंगाली भाजीबाजारापुरतं. हा रंग आहे, उष्णतेने जातो, असं मी तीनदा सांगितलं आणि लोकांनी तीनदा मला रांगेत मागे जायला सांगितलं. शेवटी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कढईतला शिंगाडा, म्हणजे आपला समोसा, कागदात धरून आणला आणि भिंतीला टेकवला. तिथे स्वच्छ पांढरा त्रिकोण उमटला.

माणसं वाकून तो त्रिकोण पाहू लागली. निताई मात्र तयारीचा होता. तो हसून म्हणाला, "अन्न हेसुद्धा आईचंच रूप. ती त्याला ओळखणार नाही का?" रांगेतल्या माना डोलल्या. मी हातात शिंगाडा घेऊन उभा राहिलो. एवढा मूर्ख मी आयुष्यात कधी दिसलो नसेन.

तेव्हा ती बाई पुढे आली जिचा हात मघाशी उमटला नव्हता. तिचं नाव मालती, बाजारात मासे विकायची. तिने मला विचारलं, "गरम लागलं की जातो? नुसतं गरम?"

मी हो म्हटलं.

"मी पहाटे चारपासून बर्फात हात घालून बसते, कपभर काढ्याने ते काय तापणार," ती म्हणाली. "इथे चार मंगळवार आले. हा म्हणतो, औषधाचं विष आहे, काढा कमी पडला, पाप जास्त आहे. माझी पोर गेली ना, ती त्या पापाने गेली म्हणतो."

ती उत्तराची वाट न पाहता काढ्याच्या शेगडीपाशी गेली आणि जाळावर हात धरून बसली. काढा प्यायली नाही, जप केला नाही. हात चटका बसेस्तोवर शेकले आणि भिंतीवर दाबले. दोन्ही पंजे लख्ख उमटले. मग तिने निताईचं मनगट पकडलं, कोळणीची पकड ती, आणि त्याचा हात शेजारच्या थंड पाण्याच्या हौदात कोपरापर्यंत बुडवला. तो ओरडत होता, ती मोठ्याने शंभर आकडे मोजत होती. नंतर तिने तो हात भिंतीवर ठेवला. भिंत होती तशी शेंदरी राहिली.

"आई तुला ओळखत नाही," मालती म्हणाली. 

त्यानंतर माझी गरज उरली नाही. लोक आपापले हात हौदात बुडवून, शेगडीवर शेकून भिंतीला लावून पाहू लागले. कुणी गरम कप टेकवला, गोल उमटला. कुणी दाराशी टांगलेली चौकट उतरवून निवेदन मोठ्याने वाचलं आणि हे कुणी लिहिलं असं विचारलं. मी ते माझं म्हणून सांगितलं. शिव्या पडल्या, त्या मला पडायलाच हव्या होत्या. निताई केव्हा निसटला ते कळलं नाही.

वहिनी शेडच्या बाहेर एका खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातातला काढा निवला होता. मी समोर बसलो आणि भिंत कशी बनवली, का बनवली, सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द शोधत बोलल्या.

"भाऊजी, पूजेत मी तुम्हाला विचारलं होतं. हे कसं होतं म्हणून. तुम्ही म्हणालात, वहिनी, विचारू नका, नुसतं अनुभवा."

मला आठवलं. मी तसं म्हणालो होतो, आणि वर डोळा मिचकावला होता.

"मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, श्रीकांतभाऊजींना लिंबातलं रक्त उलगडतं. त्यांनासुद्धा जे सांगता येत नाही, ते खोटं कसं असेल? निताईवर मी कशाला विश्वास ठेवू? मी तुमच्यावर ठेवला होता."

 हेमंतराव गाडी घेऊन आले आणि आम्ही वहिनींना दवाखान्यात नेलं. सहा दिवस त्या तिथे होत्या. गोळी पुन्हा सुरू झाली. आता मार्च आहे, चेहऱ्याची सूज उतरली आहे, आवाज बराचसा परत आला आहे. त्या माझ्याशी नीट बोलतात. फार नीट बोलतात, पूर्वीसारखी थट्टा करत नाहीत. मालतीकडे मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला तिने मला बसायला पाट दिला, आणि तिची मुलगी डेंग्यूने गेली, पापाने नाही, हे माझ्या तोंडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

गुढीपाडव्याला मंडळात मी हे सगळं असंच सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. तुम्हालाही तेच सांगतो. डोळ्यांपुढे नवल दिसलं की ते कसं होतं हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध सोडू नका. एक वस्तू गरम करून पाहा, एक थंड करून पाहा. यासाठी शिकलेलं असावं लागत नाही, मालती शिकलेली नाही. आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांना माझी विनंती आहे की कुणी विचारलं तर लगेच, तिथल्या तिथे सांगा. गंमत गेली तर जाऊ द्या. निताईने लोकांना तीन महिने फसवलं. रजनीवहिनींना मी फसवलं, आणि त्यासाठी मला एक डोळा मिचकावण्यापलीकडे काहीही करावं लागलं नाही.