निळ्या पट्टीचं पाकीट

बायकोची दिवसपाळी आणि नवऱ्याची सुट्टी एकाच दिवशी आली, तेव्हा गड्याने छाती फुगवून सांगितलं, "पोरी माझ्यावर सोड. संध्याकाळी येशील तेव्हा त्यांची खोली रंगवलेली, फळी ठोकलेली आणि धाकटीचा खाऊ तयार."

"एकच काम धर," ती चपला सरकवत म्हणाली. "तिन्हीकडे हात घालशील आणि कशाचं तरी मातेरं करशील."

"तू जा गं."

वर्षातून दोनदा पोरं सांभाळणाऱ्या बापाला जग शाबासकी देतं. रोज मरणाऱ्या आईला कुत्रं विचारत नाही. याला तर शाबासकी आगाऊच हवी होती. जिन्यात शेजारीण भेटली, तिलाही ऐकवून झालं, "आज सगळं मीच बघतोय, बरं का."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. धाकटी चार वर्षांची, आणि तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दूध, लोणी, चीज, काहीही पोटात गेलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. तरी नातेवाईक म्हणायचेच, "एवढ्याशाने काय होतंय? सवय लावा." असं म्हणणाऱ्या सख्ख्या मावशीशी त्याने बोलणं सोडलं होतं. पोरीच्या बाबतीत चूक म्हणून करायचा नाही माणूस. निदान त्याचं स्वतःबद्दल तसं मत होतं.

कामावर लिफ्टच्या खाली कुणी उतरलं की मेन स्विचला लाल पाटी लागते. ती ज्याने लावली त्यानेच काढायची आणि दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. एका खुणेचे दोन अर्थ झाले की खाली माणूस चेंगरतो. ही शिस्त त्याने घरात आणली होती. आधी पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचायचं आणि मगच त्यावर निळी चिकटपट्टी लावायची. निळी पट्टी म्हणजे धाकटीला चालतं. धाकटीला वाचता येत नव्हतं, पण निळा रंग कळायचा. थोरली दहा वर्षांची. ती तर या नियमाची हवालदार होती.

त्या दिवशी मात्र तीच निळी पट्टी रंगकामाला घेतलेली. चौकटीला रंग लागू नये म्हणून कडेने चिकटवायची. गुंडाळी याच्या मनगटात बांगडीसारखी अडकवलेली. मध्येच याला भूक लागली. खुंटीवरच्या कोटाच्या खिशात स्वतःसाठी आणलेलं दुधाचं चॉकलेट होतं. पाकीट फाडलं, दोन तुकडे तोंडात टाकले. तेवढ्यात धाकटी ओली भिंत चाटून बघायला निघाली. याने एका हाताने तिला उचललं, दुसऱ्या हाताने पाकीट दुमडलं, वर निळ्या पट्टीचा तुकडा मारला आणि स्वयंपाकघरातल्या पहिल्या हाताला आलेल्या फळीवर फेकलं. विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठे होता, असं माणूस नंतर म्हणतो.

खाऊ थोरलीच करत होती. केळ्याच्या चकत्या, त्यावर बिनदुधाचं वितळलेलं चॉकलेट, आणि मग फ्रीजरमध्ये. चकत्या उरल्या, चॉकलेट संपलं.

"बाबा, आपलं चॉकलेट संपलं. इथे दुसरं पाकीट आहे, पण हे वेगळं दिसतंय."

हा शिडीवर, हातात रोलर, कोपर वर. "निळी पट्टी आहे का?"

"आहे."

"मग घाल की. दर वेळी काय विचारायचं गं, बाई?"

तिने घातलं. गार झालेली पहिली चकती धाकटीला मिळाली, कारण घरात पहिला घास तिचाच. थोड्या वेळाने ती खाजवत आली आणि म्हणाली, "बाबा, जीभ जाड झाली."

शिडीवरून तो उतरला की पडला, त्यालाच आठवत नाही. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शनचं पेन तिच्या मांडीत टोचलं, रुग्णवाहिकेला फोन केला. "तिने काय खाल्लं ते सोबत आणा," पलीकडचा माणूस म्हणाला. तो ओट्याकडे धावला. रिकाम्या पाकिटाला दुमडलेली पट्टी होती आणि पट्टीवर पांढऱ्या रंगातला अंगठ्याचा ठसा. त्याचाच. पाकीट त्याने मुठीत चुरगाळून खिशात कोंबलं.

इस्पितळात धाकटीचा श्वास मोकळा झाला. "वेळेवर टोचलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्रभर ठेवून घेऊ." पुन्हा शाबासकी. या माणसाने तीही घेतली, मान हलवून.

बायको कामाच्या कपड्यांतच धावत आली. आधी धाकटीला चाचपलं, मग वळली. "दिलं कोणी?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. ती थांबली होती. दहा वर्षांच्या पोरीने बापाला बोलायला पुरेसा वेळ दिला. बाप खिडकीबाहेर गाड्या बघत राहिला.

"मी दिलं," थोरली म्हणाली.

"एवढी घोडी झालीस, पाकीट वाचता येत नाही? आज काय झालं असतं, कळतंय?"

"जाऊ दे," हा म्हणाला. "पोर आहे. होते चूक."

ऐकलंत? स्वतःचा गुन्हा पोरीच्या गळ्यात घातला आणि वर तिला माफही करून टाकलं. असली माणसं आपल्या घराघरांत बसलेली असतात आणि आपण त्यांना शांत स्वभावाची म्हणतो. तो मनात घोकत होता. आता सांगू, ती जरा शांत झाली की सांगू, घरी गेल्यावर सांगू. आणि प्रत्येक 'सांगू'गणिक ते आणखी जड होत होतं.

धाकटी जागी झाली. "ताई, पाणी."

ग्लास थोरलीच्याच हाताशी होता. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईकडून घे."

"ताई, तू दे."

"मी नाही देणार. मी तुला आता काहीच देणार नाही. कधीच."

ती रडत नव्हती. ओळखीच्या दुकानदाराला सुट्टे नाहीत म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं. धाकटी वाचली होती, आणि ही डोळ्यांदेखत त्याच्या हातून सुटत होती.

त्याने खिशातला बोळा काढून पलंगावर ठेवला, उलगडला. "हे माझं होतं," तो बायकोला म्हणाला. "पट्टी मी लावली. तिने मला विचारलं होतं, हे वेगळं दिसतंय म्हणून. मीच घाल म्हणालो."

बायकोने पट्टीवरचा पांढरा ठसा पाहिला. थोरलीला जवळ ओढून तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे अशी पाहत राहिली की ओरडली असती तर बरं, असं त्याला झालं.

थोरलीने आईच्या कुशीतून तोंड बाहेर काढलं. "तुला कधी कळलं?"

"निघतानाच. घरीच."

"म्हणजे आई मला बोलत होती तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू म्हणालास, जाऊ दे."

"हो, बाळा."

"मला बाळा म्हणू नकोस."

धाकटीने पुन्हा पाणी मागितलं. थोरली आईच्या हातांतून सुटली, ग्लास उचलला, आधी वाकून आतलं पाणी नीट निरखलं, वास घेतला, आणि मग तो आईपुढे धरला. "तू बघ एकदा," ती म्हणाली. "चालेल ना हे?"