जिन्यातली हवा

बंबकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतली पोरं त्यांना बंबकाकाच म्हणत. आगीच्या बंबावरच त्यांची उमेदीची वर्षं सरली होती. आता छातीत पूर्वीचा जोर उरला नव्हता. भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले तरी भात्यासारखा आवाज यायचा, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, धूर बाहेर पडतोय अजून."

बायको गेल्यापासून तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. गेल्या हिवाळ्यात त्यांना अशी धाप लागली की दाराची कडी काढेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीनं वेळेवर हाक ऐकली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, यापुढे यांना एकटं ठेवू नका. लेकीचं घर बाराव्या मजल्यावर. त्या दिवसापासून तिनं बापाच्या मागे टुमणं लावलं होतं, बाबा, माझ्याकडे चला. आणि त्या दिवसापासून बापानं एकच धोशा धरला होता, मी वर येणार नाही. ते घर घेऊन सहा वर्षं झाली होती, त्यात एकदाही त्यांनी तिच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. नातवंडांना भेटायचं तर ते खाली बागेत बोलवायचे.

बरं, लेक काही ऐरीगैरी नव्हती. तीही आगीच्या खात्यातच होती, पण बंबावर नाही, तपासणीवर. इमारती तपासायच्या, दारं उघडून बघायची, वाटा मोकळ्या आहेत की नाहीत ते पाहायचं, नसतील तर वापराला परवानगी नाकारायची. बंबकाकांना हे काम कधी कामच वाटलं नाही. "आमच्या वेळी घंटा वाजली की जेवणावरून उठायचो," ते म्हणायचे. "हिची घंटा वाजतच नाही. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलंय का ते बघत फिरते." लेक हसून सोडून द्यायची. पण ते हसणं थोडं ओढून आणलेलं असायचं, आणि बापाला ते कळत नव्हतं असं नाही.

उंच इमारतींवर त्यांचा राग का, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एका बायकोला सोडून.

तरुणपणी ते एका उंच इमारतीच्या आगीवर गेले होते. आग चौथ्या मजल्यावर होती. जिन्यानं वर चढले, पाण्याचा पाईप घेऊन त्या मजल्याचं दार उघडलं आणि आत घुसले. पाईप आत गेला की दार लागत नाही, ते उघडंच राहतं. असंच करायचं शिकवलं होतं, सगळीकडे असंच करत. त्यांनी आग विझवली, झटपट विझवली. पण त्या उघड्या दारातून धूर जिन्यात गेला आणि चुलीच्या धुराड्यातून जावा तसा सरळ वर चढला. वरच्या मजल्यावरची माणसं घाबरून त्याच जिन्यानं खाली उतरत होती. त्यांच्या घरांना आगीची झळसुद्धा लागली नव्हती. घरातच दार लावून बसली असती तर वाचली असती. बंबकाका नंतर त्यांना उचलायला वर गेले.

शेवटी एकदा लेक वैतागली. "बाबा, एकदा माझं काम बघायला या. फक्त एकदा. ते बघूनही वर यायचं नसेल तर नका येऊ, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. तुमच्यासाठी कोणीतरी सोबतीला राहणारं माणूस शोधू."

बंबकाकांनी तिच्याकडे पाहिलं. ती हरायला आली होती आणि हरण्याआधी शेवटचा डाव टाकत होती, हे त्यांनी ओळखलं. त्यांना तिची कीव आली, आणि स्वतःचीही. "येतो," ते म्हणाले.

लेकीनं नेलं ती इमारत म्हणजे नवंकोरं इस्पितळ होतं. चकचकीत फरशा, प्लास्टिकच्या वेष्टनातल्या गाद्या, भिंतींना रंगाचा वास. चार दिवसांनी रुग्ण आणायचे होते, म्हणून व्यवस्थापक जागच्या जागी नाचत होता. त्यानं बंबकाकांकडे पाहून भुवई उंचावली.

"हे माझे वडील," लेक म्हणाली. "आगीच्या खात्यात होते. आपण सगळ्यांनी मिळून जेवढे जिने चढले नसतील तेवढे यांनी धुरात चढलेत."

बंबकाकांनी उगीच खाकरून घेतलं. पण मान जरा ताठ झाली.

लेक पुढे आणि ते मागे. ती प्रत्येक दार उघडायची आणि सोडून द्यायची, आणि ते आपोआप पूर्ण लागेपर्यंत तिथून हलायची नाही. एका दाराखाली कोणीतरी लाकडाची पाचर ठोकली होती. ती तिनं काढली आणि व्यवस्थापकाच्या हातात ठेवली.

"मॅडम, ट्रॉल्या नेताना दार सारखं मध्ये येतं हो," तो काकुळतीला आला.

"येऊ दे. मध्ये येण्यासाठीच लावलंय ते."

बंबकाकांना हसू आलं. ही बोलण्याची ढब अगदी हिच्या आईची. एका कोपऱ्यात ती मध्येच थांबली, डोळे मिटले आणि भिंतीला हात लावून चाचपडत जिन्यापर्यंत गेली. बंबकाका चमकले. धुरात ते असेच जायचे, भिंतीचा हात न सोडता. हे तिला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी घरात आंधळी कोशिंबीर खेळताना बघितलं असेल, तेवढंच.

लिफ्टनं सहाव्या मजल्यावर आल्यावर सगळे थांबले. तिथल्या बोळात नाटकात वापरतात तसला, अपाय न करणारा धूर सोडणारं यंत्र ठेवलं होतं. लेकीनं बापाला जिन्यात नेलं आणि सांगितलं, "वर गच्चीत एक मोठा पंखा आहे. आगीची घंटा झाली की तो बाहेरची स्वच्छ हवा जिन्यात ढकलतो. जिना फुग्यासारखा हवेनं भरतो. मग बोळात कितीही धूर असला तरी तो जिन्यात येऊ शकत नाही. दार उघडं राहिलं तरी."

"दार उघडं राहिलं तरी?" बंबकाकांनी विचारलं.

"हो. पाईप अडकून उघडं राहिलं तरी." तिनं आवाज खाली आणला. "आईनं मला सांगितलं होतं, बाबा. मी कॉलेजात असताना."

बंबकाका दाराकडे वळले.

"दार तुम्ही उघडाल?" लेकीनं विचारलं. "नसेल जमत तर मी उघडते."

त्यांनी दाराच्या मुठीला हात लावला. घंटा ठणाणली. वरून पंख्याची घरघर ऐकू आली. भिंतीवरच्या पेटीतला, पंखा चालू असल्याचा हिरवा दिवा लागला. दाराच्या काचेतून बोळ दिसेनासा झाला, इतका दाट धूर साठला होता. त्यांनी दार ओढलं.

आणि धूर आत आला.

नुसता आला नाही, धावून आला. जणू जिन्यानंच त्याला ओढून घेतलं. त्यांच्या खांद्यावरून, डोक्यावरून, पायऱ्यांवरून वर वर चढत गेला, अगदी त्या दिवशी चढला होता तसा. बंबकाका कठड्याला धरून खाली बसले. धूर अपायकारक नव्हता हे त्यांना माहीत होतं, पण छातीला ते कोण सांगणार!

लेकीनं दार लावलं, घंटा बंद करायला लावली, बापाला आधार देऊन खालच्या मजल्यावर खिडकीशी बसवलं आणि पाणी दिलं.

"बघितलंस?" ते धापा टाकत म्हणाले. "हेच होतं. दरवेळी हेच होतं. पंखे लावा नाहीतर आणखी काही लावा."

व्यवस्थापक तर रडकुंडीला आला होता. "मॅडम, मागच्या आठवड्यात तुमच्यासमोरच सगळं नीट चाललं होतं ना! पंखा चालतोय, दिवा लागतोय..."

लेक दोघांशीही वाद घालत बसली नाही. तिनं खिशातून पातळ कागदाची एक पट्टी काढली, पंखा पुन्हा सुरू करायला सांगितला आणि ती पट्टी बंद दाराच्या फटीशी धरली. पट्टी फडफडत तिच्याकडे, जिन्याच्या आतल्या बाजूला वळली. ती बोळाकडे वळायला हवी होती.

"पंखा उलटा फिरतोय," ती म्हणाली. "हवा आत ढकलायच्या ऐवजी बाहेर ओढतोय. मधल्या काळात कोणी हात लावला त्याला?"

इस्पितळाचा वायरमन पुढे आला. चांगला अनुभवी माणूस होता, पण आता त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मीच, मॅडम. काल. मोटर कुरकुर करत होती म्हणून उतरवून बेअरिंग बदललं. परत जोडताना... दोन वायरी अदलाबदल झाल्या असणार. मोटर फिरली, आवाज नेहमीसारखा आला, मला वाटलं झालं."

बंबकाकांना वाटलं, आता लेक त्याला फाडून खाणार. पण तिचा चेहरा उजळला होता. खरंच उजळला होता, परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा.

"बरं झालं," ती म्हणाली. "आज कळलं. आत एकही रुग्ण नसताना कळलं. जा, वायरी बदला. आणि यापुढे मोटरीला हात लावला की ही पट्टी दाराशी धरायची, मगच घरी जायचं. घ्या, ही ठेवा तुमच्याकडे."

बंबकाका तिच्याकडे बघतच राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी एकही चूक वेळेवर सापडलेली पाहिली नव्हती. ते पोचायचे तेव्हा चूक होऊन गेलेली असायची, आणि तिच्यात सापडलेली माणसं उचलून बाहेर आणायचं काम त्यांच्या वाट्याला यायचं. आणि ही पोरगी चुकीनं कोणाचा जीव घेण्याआधी पोचली होती. या कामाला ते बिजागऱ्यांचं तेल म्हणत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमानही वाटला.

वायरमन खाली आला. "झालं, मॅडम."

"बाबा, तुम्ही इथंच बसा," लेक म्हणाली. "आता मी उघडते."

"नको." ते उठले. "मीच उघडतो."

सगळे परत सहाव्या मजल्यावरच्या दाराशी आले. पुन्हा घंटा. पुन्हा घरघर. जिन्यात वारा उतरत आलेला त्यांना कपाळावर जाणवला, गार आणि स्वच्छ. काचेपलीकडे धूर दाटला. बंबकाकांनी डोळे मिटून घेतले आणि दार सताड उघडलं.

काहीच झालं नाही. त्यांनी डोळे उघडले.

धूर दारात उभा होता. खालपासून वरपर्यंत पांढऱ्या भिंतीसारखा, उंबऱ्याच्या पलीकडे. हलत होता, वळवळत होता, पण 'या' म्हटल्याशिवाय घरात न शिरणाऱ्या पाहुण्यासारखा तिथंच थांबला होता. मध्ये काच नव्हती, पडदा नव्हता, नुसती हवा होती. बंबकाकांनी हात पुढे केला. बोटं धुरात नाहीशी झाली. हात मागे घेतला, बोटं परत आली. त्यांनी असं तीनचारदा केलं, लहान मुलासारखं. ज्या धुराशी ते आयुष्यभर झुंजले, ज्यापुढे गुडघ्यांवर रांगले, तो त्यांच्या नाकापुढे वीतभर अंतरावर खोळंबला होता आणि ते मोकळा श्वास घेत होते.

"थांबला गं," ते कुजबुजले. "बघ ना. थांबला."

"हो, बाबा."

व्यवस्थापकसुद्धा मान पुढे काढून बघत होता.

"तुझ्या इमारतीच्या जिन्याला असा पंखा आहे?" बंबकाकांनी विचारलं.

"लोक खिडकीतून काय दिसतं ते बघून घर घेतात. मी जिना बघून घेतलं. दर वर्षी तपासणी होते तेव्हा रजा काढून उभी राहते तिथं."

"मग हे आधी सांगायचं नाहीस का?"

"घर घेतल्यापासून सहा वर्षं सांगतेय!"

"तेही खरंच," ते म्हणाले. "माझी खाट लिफ्टमध्ये मावेल ना? नाहीतर ती देऊन टाकतो शेजारणीला."

लेकीनं तोंड फिरवून रुमालानं डोळे टिपले. मग खात्याच्या आवाजात म्हणाली, "चाचणी झाली. बाबा, दार सोडा आता."

बंबकाकांनी दार सोडलं नाही. ते रिकाम्या जिन्यात वर बघत होते. वरचे मजले सुनसान होते, तिथं कोणीही नव्हतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "वरचे सगळे उतरू देत."

लेकीनं त्यांच्या हाताशेजारी आपला हात दारावर ठेवला आणि ती त्यांच्यासोबत दार धरून उभी राहिली.