सुईस्वामींची लाल-हिरवी

मन्मथप्पांच्या मोसंबीच्या बागेत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कडा गावाहून जीप भरभरून माणसं आली होती. मधोमध भगव्या कफनीतले सुईस्वामी, आणि त्यांच्या हातात दोन टोकदार सळ्यांचं, काचेच्या तबकडीचं यंत्र.

"यंत्र परदेशी, मंत्र देशी!" स्वामी गरजले. "जमिनीतला दोष ही सुई दावती. हिरवं म्हंजी शुभ, लाल म्हंजी पनवती!"

गावात नुकत्याच डिश अँटेना आल्या होत्या. परदेशी म्हटलं की माना डोलायच्या. मन्मथप्पा झाडाजवळ उभे राहिले. सळ्या मातीत शिरल्या, सुई हिरव्यावर. त्यांची बायको उभी राहिली, हिरवीच. मग थोरल्या भावाची विधवा जगदेवी उभी राहिली आणि सुई सटकन लालवर गेली.

लोकांनी हात जोडले. बाग पिवळी का पडली ते सगळ्यांना एका क्षणात उमगलं. ही बाग जगदेवीनेच कळशीने पाणी घालून जगवली होती, ते मात्र कुणाला आठवेना. स्वामींनी निकाल दिला: बाईला आजच माहेरी धर्मापुरीला धाडा. तिची पेटी बांधावर येऊनही पडली.

गर्दीच्या कडेला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या रुद्राणीबाई उभ्या होत्या. त्यांना या सगळ्याचा वीट आला होता. अंगात येणं झालं, पैशांचा पाऊस झाला, आता सुई. पुन्हा तेच बोलायचं, पुन्हा शिव्या खायच्या. घरी जाऊन पडावं असंच वाटत होतं. पण जगदेवी रडतही नव्हती, नुसती झाडांकडे बघत होती. ते बाईंना बघवेना.

"स्वामीजी, जरा यंत्र द्या इकडं."

"भस्म व्हाल, बाई!"

"होऊ द्या," म्हणत बाईंनी ते काढूनच घेतलं.

जगदेवीला होती तिथेच उभी ठेवून त्यांनी सळ्या ठिबकच्या नळीतून पडणाऱ्या थेंबाखाली खुपसल्या. सुई हिरव्यावर. मग स्वामींना उभं केलं आणि सळ्या थेंबापासून हातभर लांब, कोरड्या मातीत खुपसल्या. लाल!

"आरं, ह्यो तर सोताच पनवती!" गर्दीतला सटवा ओरडला. गर्दी खो खो हसली.

"हे मातीतली ओल मोजायचं यंत्र आहे," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "पाटपाण्यात सगळं आळं भिजतं, म्हणून तुम्हाला वाटलं, कुठंही खुपसलं तरी सारखंच. ठिबकनं थेंबाखालची ताटाएवढीच जागा भिजते. ह्यांनी जागा बदलली, तुम्ही फक्त माणूस बदललेला पाहिला. आणि बाग पिवळी पडली, कारण नळीची निम्मी भोकं क्षारानं बुजलीत. बघा वाकून."

मन्मथप्पांनी वाकून एक भोक काट्याने कोरलं. पांढरी खपली निघाली आणि पाणी ठिबकू लागलं. स्वामी तोवर जीपकडे सरकले होते.

म्हातारे धुळाजी बाईंच्या पाया पडायला वाकले. "लई मोठी सिद्धी हाय बाई तुमच्याकडं!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "सिद्धी नाही हो काका! घ्या, तुम्हीच खुपसा." धुळाजींनी दोन्हीकडे खुपसून पाहिलं, एकदा हिरवं, एकदा लाल. "यंत्राला ओल विचारा. माणसाचा न्याय त्याच्यावर टाकू नका. त्यासाठी आपल्याला डोळे आहेत, डोकं आहे. वापरा की!"

मन्मथप्पांनी पेटी उचलली. "वैनी, घरी चला. चुकलं आमचं. तुमची सुई हिरवीच हाय."

जगदेवी जागची हलली नाही.

"आन् बाई आज आल्या नसत्या तर? भावजी, इतकी वर्सं तुमच्या घरात हाय मी. मी कशी हाय, ते तुमाला ठावं न्हवतं?"