खाणीचं नाणं

गिरगावच्या अप्पांना जुन्या नाण्यांचं वेड होतं. वेड्यालाही थोडीफार दयामाया असते, अप्पांना तेवढीही नव्हती. कस्टम हाऊसात कारकुनी करायची आणि घरी येऊन रोमच्या इतिहासात डोकं खुपसायचं, हा त्यांचा क्रम.

त्यांच्याकडे मासळी घालणारी प्रभादेवीची पुतळाबाई एकदा सहज बोलून गेली, की तिच्या देव्हाऱ्यातला टाक म्हणजे एक जुनं नाणं आहे. तिचा नवरा जगन दर्यावर गेला तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. मेलेल्या माणसाचा टाक करून देवांत बसवायची त्यांची रीत. चांदीचा टाक तिला परवडेना. कुणा खलाशानं जगनला दिलेलं काशाचं नाणं घरात होतं, त्यावर एक मुखवटा होता. नाक तर अगदी जगनचं! तिनं तेच पुजून बसवलं. रोज त्याच्याशी बोलायची, भांडायचीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी अप्पा प्रभादेवीला हजर. नाणं उलटून पाहताच त्यांनी ते दाराच्या उजेडात नेलं. रोमच्या बादशहाचं, मागं त्याच्या खाणींचं नाव! त्यांनी ते मागितलं.

पुतळाबाई हसली. "आपल्या घोवाला कोन देतं का, अप्पा?"

मग अप्पांनी विद्या पाजळली. "हा राजा कोण ठाऊक आहे? याच्या खाणींत माणसं साखळदंड घालून ढकलत. आत गेलेला वर येत नसे. तिथं बसवलंस तू नवऱ्याला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे मीच त्याला खानीत घातला?"

"मग कुणी?"

खाणी खऱ्या होत्या, पण जगनचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. असल्या विद्येला आग लागो!

तिनं रडत नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या. पन त्याला सोडवा."

"सोडवतो," म्हणत अप्पांनी तिथल्या तिथं धोतराच्या सोग्यानं नाण्यावरचं पूजेचं कुंकू पुसून टाकलं.

सर्वपित्रीला पुतळाबाई जगनसाठी वाढलेलं पान घेऊन गिरगावात आली. अप्पा पाहुण्यांना नाणं दाखवत होते.

"अप्पा, तो सुटला ना? आता कुठं हाय? पान कुठं ठेवू त्याचं?"

पाहुणे हसले. अप्पा ओशाळले आणि खेकसले, "मला काय ठाऊक? जा इथून!"

ती पान घेऊन रस्त्यात उभी राहिली. दर्यानं त्याला परत दिलं नव्हतं, आणि देव्हाऱ्यातून तिनंच त्याला काढून दिलं होतं.