गर्दी पांगवणारा कर्णा

मित्रांनो, मावशींच्या खुंटीला टांगलेला हा पोचे आलेला कर्णा म्हणजे मी. तोंडाने जरा फटकळ आहे, पण कारखान्यात मला बनवले ते ओरडण्यासाठीच. तिथून मी पोलीस ठाण्यात आलो आणि एका इन्स्पेक्टरसाहेबांच्या हाती पडलो.

साहेबांचा आवाज खणखणीत. मला तोंडाशी धरून ते म्हणत, "गर्दी करू नका, घरी जा!" आणि लोक जात. वरिष्ठ त्यांची पाठ थोपटत, फुशारून मी जाई. पाणीपुरवठा कार्यालयाच्या फाटकावर मात्र दर उन्हाळ्यात त्याच बायका रिकाम्या बादल्या घेऊन येत. त्यांच्यापुढे धुणीभांडी करणाऱ्या मावशी असत. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, "जातो साहेब. पण आमचं म्हणणं आत कोण सांगणार, तेवढं सांगा."

ते बोलणे साहेबांच्या मनाला फार लागले. त्यांनी राजीनामा दिला आणि राज्याच्या विधानसभेसाठी अर्ज भरला. बायको म्हणाली, "हातची नोकरी सोडताय. पडलात तर?"

"पडलो तर पुन्हा उभा राहीन."

मी तेव्हा भंगारात निघालो होतो. सहकाऱ्यांनी निरोपाची भेट म्हणून साहेबांना मलाच दिले.

पहिल्या सभेला चौक भरला. साहेबांनी मला उचलले, समोरची माणसे पाहिली आणि जुन्या सवयीने गरजले, "गर्दी करू नका, रस्ता मोकळा करा!" लोक बिचारे मुकाट्याने पांगले. उरल्या रिकाम्या खुर्च्या आणि कपाळाला हात लावून बसलेली बायको. "अहो, मतं मागायला आलो होतो ना आपण?" मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

साहेब मात्र हटले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मावशींच्या वस्तीत जाऊन त्यांनी मला मावशींपुढे धरले. "मला माणसं घालवायचीच सवय आहे. तुम्ही बोला, मी ऐकतो." मावशींचा आवाज आधी कापला, मग असा चढला की मलाच आवरेना. पुढची प्रत्येक सभा तशीच झाली. थोड्या मतांनी का होईना, साहेब निवडून आले. तेव्हा त्यांनी मला मावशींना देऊन टाकले. "मला ऐकू येईनासं झालं, तर माझ्या दारात येऊन यातून ओरडा."

वर्ष सरले, नळ कोरडेच राहिले. खुंटीवर धूळ खाताना माझ्या पोटातले सेल गळले आणि आतून मी गंजलो. गेल्या आठवड्यात मावशींनी मला पुसले, नवे सेल घातले आणि बायकांसह आमदारसाहेबांचे फाटक गाठले. तिथल्या पोलिसाने हात आडवा केला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मावशींनी मला तोंडाशी धरले, पण माझ्यातून नुसती खरखर निघाली. ऐन वेळी दगा दिला, मित्रांनो, याची मला फार लाज वाटली.

पण तेवढ्या खरखरीने दार उघडले. साहेब फाटकाबाहेर आले आणि मावशींशेजारी फुटपाथवरच बसले. मावशी नेहमीच्या आवाजात बोलू लागल्या. माझी गरजच उरली नाही.

तरीही, मित्रांनो, माझ्यासारख्याला टांगून ठेवताना सेल काढून ठेवत जा आणि अधूनमधून बोलून पाहत जा. प्रत्येक दाराआडचा माणूस खरखर ऐकून बाहेर येईलच असे नाही.