काचेत लागलेला पिक्चर

प्रभावती टॉकीजच्या फाटकाशेजारी एक काचेची पेटी होती, आणि तिची चावी अडतीस वर्षं फक्रुद्दीन डोअरकीपरच्या खिशात होती. वर ‘लवकरच येत आहे’ अशी पट्टी, खाली येणाऱ्या पिक्चरचं पोस्टर. थोरल्या मालकांनी, आबासाहेबांनी, दंडकच घातला होता : काचेत लावलेला पिक्चर पडद्यावर लावायचा म्हणजे लावायचा, एक खेळ तरी. मलकापूरचा माणूस कोर्टाच्या कामाला कोल्हापुरात यायचा, जाताना काच बघायचा आणि त्या तारखेला बायकापोरं घेऊन एस्टीनं हजर व्हायचा. त्याला काय परत पाठवायचं? छे!

दुसरा दंडक नारळाचा. नवा पिक्चर लागला की पहिल्या खेळाआधी नारळ फोडायचा, तो फक्रुद्दीननंच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पूजेचा माणूस आला नाही म्हणून आबासाहेबांनी नारळ याच्या हातात दिला होता, आणि तो पिक्चर पंचवीस आठवडे हलला नव्हता. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात नारळाला लागला नाही. आणि एकदा नारळ फुटला की खेळ सुरू झालाच पाहिजे, मग आत एक माणूस असो नाहीतर हजार.

तर गुरुवारी सकाळी धाकटे मालक, उदयसिंह, गाडीतून उतरले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “चाचा, ते ‘धोटा’चं पोस्टर काढा.”

‘धोटा’ हा कबनूरच्या सबिनाचा पिक्चर. लूमच्या खडखडाटात वाढलेली ही पोरगी. तिनं लूमवर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांवर पिक्चर काढला आणि त्यात कामंही त्यांनाच दिली. मुख्य काम बयाबाईचं. वय साठ, उभा जन्म कांड्या भरण्यात गेलेला. महिन्यामागं ती सबिनाबरोबर येऊन काचेतलं स्वतःचं तोंड बघून गेली होती.

“शुक्रवारी बाराला नक्की लावणार न्हवं?” तिनं विचारलं होतं.

“काचेत हाय म्हंजे लागणार की, अक्का,” फक्रुद्दीन छातीवर हात ठेवून बोलला होता.

आणि आता हे!

“का काढायचं?” त्यानं विचारलं.

“मोठा पिक्चर मिळालाय. मुंबईवाले म्हणत्यात, चारी खेळ द्या, न्हायतर पिक्चर विसरा. लूमवरच्या बायका बघाय हितं कोण येणार हाय?”

फक्रुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उदयबाबा, त्या पोरीला खुर्चीवर बसवून च्या पाजला, तारीख दिली, ती कुणी? तुमीच न्हवं? मग आता तोंड फिरवताना लाज न्हाय वाटत?”

“चाचा, जमाना बदललाय.”

“जमान्याला कशाला मधी घालता? जीभ तुमची हाय.”

“चावी द्या.”

“देत न्हाय!”

उदयसिंह खाली बघत म्हणाले, “बरं, येऊ नको म्हणून सबिनाला मी फोन करतो,” आणि ऑफिसात गेले. फक्रुद्दीन दिवसभर त्या काचेसमोर स्टूल टाकून बसला. जेवला नाही.

शुक्रवारी अकराला कबनूरचा टेम्पो फाटकात येऊन थांबला. चाळीसेक बायका उतरल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोलीचे गजरे माळून. सगळ्यांनी लूमवर खाडा केलेला. पुढं बयाबाई, मागं सबिना, हातात पिक्चरची पेटी घेऊन हसत.

फक्रुद्दीन तसाच ऑफिसात घुसला. “फोन केला न्हाय?”

“राहून गेला, चाचा.”

राहून गेला! चाळीस बायका आपला रोज बुडवून येतात आणि ह्यांचा फोन राहून जातो! गरिबाला सांगायचं असलं की ह्यांचा फोन कसा बरोबर राहून जातो हो?

“मी सांगतो त्यास्नी कायतरी,” उदयसिंह म्हणाले. टेबलावरचा नारळ त्यांनी पुढं केला. “मुंबईचा माणूस येऊन बसलाय. तुमी पडद्याजवळ नारळ फोडा.”

फक्रुद्दीननं नारळ घेतला. पण पडद्याकडं गेला नाही. सरळ बाहेर आला, बायकांमधून वाट काढत काचेच्या पेटीपाशी गेला आणि ओरडला, “बयाक्का, हिकडं या!” ती पुढं आली. तिच्या पायाशी, पायरीच्या दगडावर, त्यानं असा काही नारळ आपटला की पाणी काचेवर उडालं.

उदयसिंह धावत बाहेर आले. “चाचा, काय केलंत हे?”

“सबिनाला फोन करायचा तुमचा राहून गेला न्हवं? मग मी ‘धोटा’चा नारळ फोडला. आता खेळ सुरू करा. न्हायतर आत आबासाहेबांचा फोटो हाय, त्यास्नी सांगून या, नारळ फुटला तरी मी खेळ लावला न्हाय म्हणून!”

मुंबईचा माणूस दारात येऊन करार, करार म्हणून तणतणू लागला. उदयसिंह नारळाच्या त्या दोन भकलांकडं बघत राहिले. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, “बाराचा खेळ ‘धोटा’चा. तुमचा पिक्चर तीनला. न्यायचा तर घेऊन जावा.”

आणि मोठ्या उपकाराच्या आवाजात बायकांकडं वळले, “सोडा सगळ्यास्नी आत. तिकीट नको.”

बयाबाई दारातच थांबली. “का वो पावणं, फुकट का? आमी काय भीक मागाय आलोय? उभ्या जन्मात कुणी मला फुकट कांडी दिली न्हाय, आन् मी मागितली न्हाय. पदराला पैसे बांधून आणल्यात. तिकीट फाडा!”

खिडकीवरचा माणूस अजून आला नव्हता. उदयसिंह स्वतः जाऊन बसले आणि एकेक तिकीट फाडून देऊ लागले. बयाबाईनं आपलं तिकीट घेतलं, पण खिडकी सोडली नाही.

“आन् पुढच्या बारीला,” ती म्हणाली, “फोन करायचा तरास घिऊ नगा. आमी काच बघूनच येतो.”