बांगड्याला गावी नेताना

अभयरावांना कुत्र्यांमधलं सगळं कळतं, हे करुणाला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. जन्मात त्यांनी कुत्रा पाळलेला नव्हता. पण गाड्या, शेअर बाजार, गुडघेदुखी आणि कोकणातले रस्ते यांतलंही त्यांना सगळं कळत होतं, त्यात आणखी एका कुत्र्याची भर पडली एवढंच.

ते करुणाच्या धाकट्या बहिणीचे, दीपालीचे यजमान. दोघं मुंबईहून नवी गाडी घेऊन रत्नागिरीला करुणाकडे उतरली होती. सकाळी तिघांनी मिळून राजापूरजवळच्या गावी जायचं होतं. चुलतभावाने घर बांधलं होतं आणि तिथे बुद्धवंदना ठेवली होती. करुणा सरकारी कचेरीत नोकरीला, राहायला एकटी. तिच्या कुत्र्याच्या पाठीवर काळपट पट्टे होते म्हणून त्याचं नाव बांगडा. शेजारी परगावी गेलेले, त्यामुळे त्याला बरोबर नेण्यावाचून इलाज नव्हता.

"डिकीत टाका," अभयराव म्हणाले. "गावठी आहे, त्याला काय होतंय?"

डिकी सामानासाठी असते, असं सांगून करुणाने मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली आणि बांगड्याच्या छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकवला. वळणांवर ढवळू नये म्हणून पहाटेच त्याला मूठभर दहीभात देऊन झाला होता. वाटेत फक्त घरचं पाणी द्यायचं आणि पोचल्यावर डब्यातला भात नि हाडं काढलेली उकडलेली कोंबडी, असं तिचं ठरलेलं. डबा पाहून अभयरावांनी विचारलं, हा कुत्रा आहे की पेशंट? दीपाली हसली. नवऱ्याच्या प्रत्येक विनोदाला ती हसायची. लग्नानंतर बहिणीला तेवढंच काम उरलंय, असं करुणाने कधीच ठरवून टाकलं होतं.

हायवे ठिकठिकाणी खणलेला. प्रत्येक डायव्हर्जनला अभयराव आपण कंत्राटदार असतो तर काय केलं असतं ते सांगत होते. मध्येच कुत्र्याला मजा यावी म्हणून त्यांनी मागची काच पूर्ण खाली केली. शेजारून डंपर गेला. करुणाने काच वर घेतली. असल्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपणच त्याच्या रांगेत जाऊन बसायचं.

लांज्याच्या अलीकडे ते एका हॉटेलात जेवायला थांबले. करुणाने बांगड्याला फिरवून आणलं, पाणी पाजलं आणि खिडकीतून दिसेल असं फणसाच्या सावलीत बांधलं. अभयरावांचं जेवण आधी आटोपलं. ताटातली उरलेली सुरमईची तुकडी घेऊन ते बाहेर गेले. मधला जाड काटा तसाच होता. करुणाला तो दिसला. काटा आहे, देऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुत्र्याच्या पोटावरचं व्याख्यान ऐकावं लागणार. तिने मान फिरवली आणि सोलकढीची वाटी उचलली.

गाडी जेमतेम रस्त्याला लागली असेल, बांगडा पंजाने तोंड घासू लागला. लाळ गळायला लागली. मग तो ओकारी काढायला लागला, पण बाहेर काही येईना.

गाडी लागली असेल, सीटवर ओकू देऊ नका, असं अभयराव आरशातून म्हणाले. करुणाने थांबायला सांगितलं, तर पूल ओलांडल्यावर सावली आहे, तिथे थांबू म्हणाले.

"इथेच थांबवा," करुणा म्हणाली. आवाज असा होता की त्यांनी थांबवली.

तिने बांगड्याला रस्त्याकडेला उतरवून त्याचा जबडा उघडला. काटा टाळूला आडवा, दोन्हीकडच्या दाढांमध्ये रुतला होता. हिरडीतून रक्त येत होतं. एका माणसाचं हे काम नव्हतं. अभयराव गाडीपलीकडे उभे राहून, चावला तर किती इंजेक्शनं लागतात ते मोबाईलवर शोधत होते.

दीपाली उतरली, ओढणी कमरेला बांधून धुळीतच गुडघ्यांवर बसली. "ताई, मी तोंड धरते. तू काढ."

बांगड्याने जोरात झटका दिला. करुणाच्या बोटाला दात लागला, पण काटा निघाला. बांगड्याने दोनदा जीभ फिरवली आणि तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

एवढा काटा हॉटेलवाल्याने काढूनच द्यायला नको का, असं अभयराव म्हणाले.

करुणाला आता त्यांच्याइतकीच स्वतःचीही किळस आली होती. "मी बघितलं होतं त्यांना देताना," ती हळूच बहिणीला म्हणाली.

"मीपण," दीपाली म्हणाली. "बोलून उपयोग नसतो म्हणून गप्प बसले. हसून वेळ मारून नेते, तसंच."

इतकी वर्षं करुणाने त्या हसण्याचा भलताच अर्थ लावला होता.

दीपालीने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि एक हात नवऱ्यापुढे केला. "चावी द्या."

लायसन्स तिच्याकडे होतं, पण या गाडीला अभयरावांनी तिला हात लावू दिला नव्हता. रस्ता वाईट आहे, गिअर कडक आहे, तुला जमणार नाही, त्यांनी सगळं सांगितलं. ती हात तसाच धरून उभी राहिली. शेवटी त्यांनी चावी दिली.

राजापूरपर्यंत ते शेजारी बसून ब्रेक कधी दाबायचा ते सांगत होते. दीपाली आपल्या मनाने ब्रेक दाबत होती. तिने गाडी आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. जखम वरवरची आहे, दोन दिवस मऊच खायला द्या, असं त्यांनी सांगितलं. करुणाच्या बोटालाही पट्टी बांधली आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायला बजावलं. तेही तिने घेतलं.

गावी पोचेपर्यंत वंदना होऊन गेली होती. नव्या घराच्या पडवीत अभयराव चुलतभावाला आणि पाहुण्यांना सांगत होते, कुत्र्याच्या घशातून काटा कसा काढला. अशा वेळी आपण डोकं शांत ठेवलं म्हणून निभावलं, म्हणे. दीपालीने करुणाकडे पाहिलं. ती हसली नाही.

"काटा तुम्हीच घातलात, अभयराव," करुणा सगळ्यांसमोर म्हणाली. "मी बघत होते आणि तुम्हाला अडवलं नाही. आम्ही दोघींनी तो काढला, तेव्हा तुम्ही गाडीच्या पलीकडे होतात."

अभयरावांनी मोबाईल काढला आणि इथे रेंज नाही, अशी तक्रार केली. करुणा डबा घेऊन मागच्या दारी गेली. दीपाली तिच्यामागून आली आणि भात बोटांनी कुस्करायला बसली.